पुढच्या छाटणीलाही बिल्ड व्हावा असा हॅस्केल प्रकल्प: जीएचसीअप आणि कॅबल, पायरीपायरीने

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेचं वर्ष छाटणीपासून मोजतात. ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग, विरळणी, फवारणी, काढणी, सगळं ‘छाटणीनंतर अमुकाव्या दिवशी’ असंच बोललं जातं. माल निर्यातीचा असेल तर प्रत्येक फवारणीची तारीख आणि तिथून काढणीपर्यंतचं अंतर नोंदवावं लागतं. हा हिशोब करून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला हॅस्केल फार चांगली भाषा आहे. तारखांचं गणित शुद्ध फंक्शनांत (तेच आकडे दिले की नेहमी तेच उत्तर देणाऱ्या) नेमकं बसतं, आणि छाटणीची तारीख व फवारणीची तारीख यांना वेगवेगळे टाइप दिले तर त्यांची अदलाबदल कंपायलरच पकडतो.

पण हे हंगामी सॉफ्टवेअर असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून रोज लागतं, काढणी संपली की पडून राहतं, आणि पुढच्या वर्षी निफाडला किंवा दिंडोरीला भलत्याच लॅपटॉपवर पुन्हा बिल्ड करायची वेळ येते. तोवर कंपायलर बदललेला असतो, लायब्रऱ्या पुढे गेलेल्या असतात. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी मी एकाच कसोटीवर निवडली आहे: प्रकल्पाचं फोल्डर उचलून अनोळखी मशीनवर नेलं, तर तोच प्रोग्रॅम तसाच तयार होतो का? त्यासाठी कंपायलर कोणता, पॅकेजांची यादी कोणत्या तारखेची, आणि प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन कोणतं, या तीन गोष्टी फोल्डरमध्येच लिहिलेल्या हव्यात. तुमच्या डोक्यात किंवा तुमच्या मशीनवर असून भागत नाही.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि अंकांत टंकायची.

कोणाचं काम काय

जीएचसी हा कंपायलर. हॅकेज हे पॅकेजांचं, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्रऱ्यांचं, सार्वजनिक भांडार. कॅबल हे प्रकल्प बिल्ड करणारं आणि हॅकेजवरून पॅकेजं आणणारं साधन. जीएचसीअप हे जीएचसी, कॅबल आणि एडिटरला मदत करणारा हॅस्केल लँग्वेज सर्व्हर यांची वेगवेगळी व्हर्जन एकाच मशीनवर सांभाळतं. स्टॅक हा कॅबलला पर्याय, त्याबद्दल पुढे लिहितो.

एक इतिहास माहीत असलेला बरा, कारण जुने सल्ले अजून फिरत असतात. पूर्वी सगळ्या प्रकल्पांची पॅकेजं एकाच सामाईक जागी बसायची. एका प्रकल्पासाठी काही नवं घातलं की दुसरा मोडायचा. याला लोक ‘कॅबल हेल’ म्हणत. त्यावर उपाय म्हणून आधी सँडबॉक्स (प्रत्येक प्रकल्पाला पॅकेजांची वेगळी जागा) आले, मग २०१५ मध्ये स्टॅक आला, आणि २०१९ च्या कॅबल ३.० पासून नवी पद्धत आपोआप लागू झाली. आता एकाच पॅकेजची अनेक व्हर्जन एका सामाईक साठ्यात शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येक प्रकल्प आपल्याला हवं तेच उचलतो. कुठे ‘कॅबल सँडबॉक्स इनिट’ करायला सांगितलेलं दिसलं तर तो सल्ला कालबाह्य समजा. नव्या कॅबलमध्ये ती सोयच नाही.

कंपायलर बसवणं

उबुंटूवर आधी सिस्टिमची पॅकेजं घ्या: बिल्ड-इसेन्शियल, कर्ल, पीकेजी-कॉन्फिग, आणि जीएमपी, एफएफआय, एनकर्सेस या तीन लायब्रऱ्यांच्या ‘डेव्ह’ आवृत्त्या. मग जीएचसीअपच्या अधिकृत साइटवरची एका ओळीची कमांड चालवा. विंडोजवर त्याच साइटवर पॉवरशेलची ओळ मिळते. तिथे सगळं ‘सी’ ड्राइव्हच्या मुळाशी बसतं ते तसंच राहू द्या. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं असली की काही जुनी साधनं अडखळतात.

उबुंटूचं स्वतःचं पॅकेज बसवणारं साधन ‘ॲप्ट’, त्यातूनही जीएचसी मिळतो. तो घेऊ नका. दोन कंपायलर शेजारी बसले की कोणता चालतोय ते कळत नाही.

आता ‘जीएचसीअप लिस्ट’ म्हणा. यादीत एका व्हर्जनपुढे ‘लेटेस्ट’ आणि एकापुढे ‘रेकमेंडेड’ असं लिहिलेलं दिसेल. ‘रेकमेंडेड’ घ्या. नवा कंपायलर आल्यावर लायब्रऱ्यांच्या लेखकांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि हंगामाच्या तोंडावर ती वाट पाहणं आपल्याला परवडत नाही. त्या व्हर्जनपुढे ‘एचएलएस-पॉवर्ड’ही लिहिलेलं असावं, म्हणजे एडिटरमध्ये चुका जागच्या जागी दिसतात. या लेखात मी ९.६.७ धरून चाललो आहे:

जीएचसीअप इन्स्टॉल जीएचसी ९.६.७
जीएचसीअप सेट जीएचसी ९.६.७
जीएचसी --व्हर्जन

शेवटच्या ओळीने दुसराच आकडा दाखवला तर ‘पाथ’मध्ये, म्हणजे टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांड शोधतं त्या यादीत, जुना कंपायलर आधी येतोय. ‘विच जीएचसी’ने तो कुठे आहे ते शोधा आणि तिथेच थांबून दुरुस्त करा. एकेक कंपायलर डिस्कवर काही गिगाबाइट जागा घेतो, त्यामुळे जुने ‘जीएचसीअप आरएम जीएचसी’ आणि पुढे व्हर्जन देऊन काढत राहा.

प्रकल्प सुरू करणं

चांगलं इंटरनेट असेल तिथे एकदा ‘कॅबल अपडेट’ करा. याने हॅकेजवरच्या सगळ्या पॅकेजांची माहिती मशीनवर उतरते. ही फाइल मोठी असते, उघडल्यावर शेकडो मेगाबाइटची होते, पण पुढच्या वेळी फक्त वाढलेला भाग येतो.

मग रिकाम्या फोल्डरमध्ये ‘कॅबल इनिट’. ते प्रश्न विचारत जाईल. प्रकार विचारेल तेव्हा लायब्ररी आणि एक्झिक्युटेबल दोन्ही निवडा, टेस्टलाही हो म्हणा. छोट्या कामाला लायब्ररी कशाला, असं वाटेल. पण दिवस मोजणारं फंक्शन लायब्ररीत असलं तरच टेस्टला ते सरळ वापरता येतं आणि ‘कॅबल रेपल’मध्ये उघडून हाताने तपासता येतं. मुख्य फाइलमध्ये फक्त नोंदींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) वाचणं आणि छापणं ठेवा. पॅकेजच्या नावाचा एक नियम: जोडरेघेने पडलेल्या प्रत्येक तुकड्यात किमान एक अक्षर हवं, म्हणून ‘छाटणी-२०२५’ असं नाव चालत नाही, ‘छाटणी-दिवस’ चालतं.

तयार झालेल्या ‘.कॅबल’ फाइलमधला कळीचा भाग हा:

बिल्ड-डिपेंड्स:
    बेस ^>=४.१८,
    टाइम ^>=१.१२,
    बाइटस्ट्रिंग ^>=०.११,
    टेक्स्ट ^>=२.०,
    कसावा ^>=०.५.३

‘टाइम’मध्ये तारखा आहेत. त्यातलं ‘डिफ-डेज’ हे फंक्शन दोन तारखांमधले दिवस देतं, म्हणजे आपलं अर्धं काम तिथेच होतं. ‘कसावा’ सीएसव्ही वाचतं. पहिली चार पॅकेजं जीएचसीसोबतच येतात आणि ‘जीएचसी-पीकेजी लिस्ट’ने त्यांची व्हर्जन दिसतात. कसावा हॅकेजवरून येतं.

या यादीत ‘बेस’ची गोष्ट निराळी आहे. द्राक्षात जसा खुंट आधी जमिनीत असतो आणि कलम त्याला जुळेल असंच भरावं लागतं, तसं कंपायलर निवडला की बेस ठरलं. जीएचसी ९.६ म्हणजे बेस ४.१८, ९.८ म्हणजे ४.१९. बेस वेगळं हवं असेल तर कंपायलरच बदलावा लागतो, आणि बाकीची पॅकेजं त्या बेसवर चालतील अशीच शोधावी लागतात. व्हर्जनची निम्म्याहून जास्त भांडणं इथून सुरू होतात.

मर्यादा लिहिण्याबद्दल

हॅस्केलमध्ये व्हर्जनचे पहिले दोन आकडे मिळून ‘मोठा बदल’ मोजतात. ०.५.३ मधलं ०.५ हा एकत्र आकडा आहे. काही काढून टाकलं, फंक्शनचा टाइप बदलला, की या दोहोंपैकी एक वाढवायचा. नुसती भर घातली तर तिसरा. या संकेताला पीव्हीपी म्हणतात. इतर भाषांतून आलेल्यांचा इथे घोटाळा होतो, कारण त्यांच्याकडे फक्त पहिला आकडा मोठ्या बदलाचा असतो. ‘^>=०.५.३’ म्हणजे ०.५.३ किंवा पुढचं, पण ०.६ च्या अलीकडचं. ०.५.४ आलं तर चालेल, ०.६ नाही.

वरची मर्यादा लिहावी की नाही यावर हॅस्केलवाल्यांत जुना वाद आहे. माझं मत ठाम आहे: लिहावी. वरची मर्यादा म्हणजे ‘पुढचं मोडेल’ असा दावा नसतो, ‘इथपर्यंत मी तपासलंय’ असं ते विधान असतं. मर्यादा नसेल तर नवं पॅकेज येताच कॅबल ते आनंदाने उचलतं, आणि चूक कुठल्या तरी खोल मॉड्यूलमध्ये न समजणाऱ्या टाइप एररच्या रूपात उगवते. मर्यादा असेल तर कॅबल बिल्डआधीच सांगतं की हे जुळत नाही. दुसरी चूक वाचायला कितीतरी सोपी. सुरुवातीला मर्यादा न लिहिता काम केलं असेल तर ‘कॅबल जेन-बाउंड्स’ तुमच्यासाठी ओळी सुचवतं.

हॅकेजची एक खुबी इथे समजून घ्यायलाच हवी. तिथे चढवलेला कोड नंतर बदलता येत नाही, पण पॅकेजच्या माहितीतल्या मर्यादा मात्र व्हर्जन न वाढवता सुधारता येतात. याला रिव्हिजन म्हणतात. लेखक किंवा हॅकेजचे विश्वस्त ‘हे नव्या बेसवरही चालतं’ किंवा ‘हे अमुकबरोबर मोडतं’ अशी दुरुस्ती करतात. सोय मोठी आहे. पण तिचा अर्थ असा की कॅबलने आज केलेली व्हर्जनांची निवड उद्या तीच व्हर्जन उपलब्ध असतानाही वेगळी येऊ शकते. म्हणून पुढची पायरी.

तारीख गोठवणं, मग व्हर्जन गोठवणं

प्रकल्पाच्या मुळाशी ‘कॅबल.प्रोजेक्ट’ नावाची फाइल करा:

पॅकेजेस: .
विथ-कंपायलर: जीएचसी-९.६.७
इंडेक्स-स्टेट: २०२५-०६-०१टी००:००:००झेड
टेस्ट्स: ट्रू

दुसऱ्या ओळीने कंपायलर बांधला जातो. तो मशीनवर नसेल तर कॅबल थांबतं, गुपचूप दुसरा वापरत नाही. तिसरी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. हॅकेजच्या यादीत नोंदी फक्त जोडल्या जातात, पुसल्या जात नाहीत, त्यामुळे कॅबल ती यादी कुठल्याही जुन्या तारखेला होती तशी पाहू शकतं, रिव्हिजनांसकट. वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मशीनवरची यादी त्या तारखेपर्यंत आलेली असावी लागते, म्हणून नव्या लॅपटॉपवर ‘कॅबल अपडेट’ लागतंच.

चौथी ओळ बारीक वाटते, पण टेस्टसाठी लागणारी पॅकेजंही व्हर्जनच्या निवडीत धरली जातात. ती आधी बंद ठेवून नंतर चालू केली तर निवड बदलू शकते.

आता ‘कॅबल बिल्ड ऑल’ आणि ‘कॅबल टेस्ट ऑल’. दोन्ही नीट झाली की ‘कॅबल फ्रीझ’. ‘कॅबल.प्रोजेक्ट.फ्रीझ’ फाइल तयार होते आणि तिच्यात प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन येतं, तुम्ही थेट न मागितलेल्यांचंही. ‘.कॅबल’, ‘कॅबल.प्रोजेक्ट’ आणि ही, तिन्ही फाइली गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) कमिट करा. ‘डिस्ट-न्यूस्टाइल’ फोल्डर आणि ‘कॅबल.प्रोजेक्ट.लोकल’ मात्र गिट-इग्नोरमध्ये.

तारीख आणि फ्रीझ दोन्ही कशाला? लिनक्सवर ‘युनिक्स’ नावाचं पॅकेज लागतं, विंडोजवर त्याजागी ‘विन३२’. लिनक्सवर केलेल्या फ्रीझमध्ये विंडोजच्या पॅकेजची ओळ नसते, मग तिथलं व्हर्जन इंडेक्स-स्टेटमुळे ठरतं. आपल्याकडे प्रोग्रॅम लिहिणारा लिनक्सवर आणि वापरणारा बागायतदार विंडोजवर, हे सर्रास असतं.

इतरांसाठी हॅकेजवर टाकायची लायब्ररी असेल तर फ्रीझचा उपयोग त्यांना होत नाही. तिथे ‘.कॅबल’मधल्या मर्यादाच खऱ्या.

अपडेट कधी करायचं तेही ठरवून ठेवा. मी म्हणेन एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर, मे-जूनमध्ये. इंडेक्स-स्टेट पुढे न्या, फ्रीझ फाइल काढा, ‘कॅबल आउटडेटेड’ने कोणत्या मर्यादा मागे पडल्यात ते पाहा, बिल्ड करा, टेस्ट चालवा, पुन्हा फ्रीझ करा. कंपायलर बदलायचा असेल तर तोही याच वेळी, कारण फ्रीझमध्ये बेसचं व्हर्जनही बांधलेलं असतं. सप्टेंबर उजाडल्यावर यातलं काहीही करू नये.

कमी मेमरी, तुटक इंटरनेट

गावाकडे जाण्याआधी शहरातल्या कनेक्शनवर ‘कॅबल बिल्ड ऑल --ओन्ली-डिपेन्डन्सीज’ चालवा. लागणारी सगळी पॅकेजं उतरून, बिल्ड होऊन सामाईक साठ्यात बसतात. मग इंटरनेट नसतानाही तुमचा स्वतःचा कोड बदलून बिल्ड करता येतो. पहिलं बिल्ड हळू असतं, पुढची भराभर होतात.

चार गिगाबाइट मेमरीच्या लॅपटॉपवर जीएचसी दमतो. ‘कॅबल.प्रोजेक्ट.लोकल’मध्ये ‘जॉब्स: १’ लिहिलं तर एका वेळी एकच पॅकेज बिल्ड होतं. त्याच फाइलमध्ये ‘ऑप्टिमायझेशन: फॉल्स’ लिहा, म्हणजे तुमच्या कोडचं बिल्ड हलकं होतं. ही ओळ फक्त तुमच्या पॅकेजला लागते, हॅकेजवरून आलेल्यांना नाही. शेवटची प्रत बनवताना ती काढायला विसरू नका.

‘कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेन्डन्सीज’ आलं तर

घाबरून फ्रीझ आणि साठा पुसत सुटू नका. संदेश लांबलचक असतो, पण त्यातली ‘रिजेक्टिंग’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या कंसात ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहून कोणत्या पॅकेजला कोणतं व्हर्जन हवं होतं ते दिलेलं असतं. तिथे ‘बेस’ दिसलं तर बहुतेक वेळा कंपायलर त्या पॅकेजपेक्षा नवा आहे. तुमच्याच पॅकेजचं नाव दिसलं तर तुमची मर्यादा फार घट्ट आहे. आणि एखादं व्हर्जन हॅकेजवर दिसतंय पण कॅबलला माहीतच नाही, असं वाटलं तर इंडेक्स-स्टेट जुनी आहे.

पॅकेज चालेल अशी खात्री असेल आणि नुसती त्याची मर्यादा मागे राहिली असेल, तर ‘कॅबल.प्रोजेक्ट’मध्ये ‘अलाउ-न्यूअर: कसावा:बेस’ अशी नेमकी ओळ लिहा. सरसकट सगळ्यांना मोकळीक देऊ नका. काय निवडलं जाईल ते आधी पाहायला ‘कॅबल बिल्ड --ड्राय-रन’ आहे.

‘मिसिंग सी लायब्ररी: झेड’ अशी चूक मात्र वेगळ्या घरची. झेडलिबसारखी सी भाषेतली लायब्ररी कॅबल आणत नाही, ती ॲप्टनेच बसवावी लागते. अशी नावं प्रकल्पाच्या ‘रीडमी’त लिहून ठेवा, कारण ती दुसऱ्या कुठल्याही फाइलमध्ये आपोआप येत नाहीत.

‘कॅबल इन्स्टॉल --लिब’ टाळाच. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल करतं आणि मग नुसता जीएचसी चालवला तरी तिच्यातली पॅकेजं मध्ये येतात. प्रकल्पाबाहेर एखादी लायब्ररी पडताळायची असेल तर ‘कॅबल रेपल --बिल्ड-डिपेंड्स टाइम’ पुरतं.

मराठीत छापताना

‘नववा दिवस: फवारणी’ अशी ओळ छापायला गेलात आणि ‘कॅनॉट एन्कोड कॅरेक्टर’ म्हणत प्रोग्रॅम कोसळला, तर दोष हॅस्केलचा नाही. टर्मिनलची भाषा-सेटिंग यूटीएफ-८ नाही. विंडोजवर हे हमखास होतं, आणि टेस्ट चालवणाऱ्या रिकाम्या सर्व्हरवरही. मुख्य फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘एच-सेट-एन्कोडिंग एसटीडी-आउट यूटीएफ८’ लिहा, सीएसव्ही टेक्स्ट म्हणून उघडत असाल तर त्या फाइलच्या हँडललाही तेच. विंडोजच्या जुन्या खिडकीत ‘सीएचसीपी ६५००१’ही लागतं. दुसरं, देवनागरी मजकुरावर ‘प्रिंट’ वापरू नका. ते ‘न’च्या जागी \२३४४ असा आकडा दाखवतं. ‘पुट-स्टर-एलएन’ वापरा.

स्टॅक कुणी घ्यावा

स्टॅकेजवर एकत्र तपासलेल्या पॅकेजांचे संच असतात. एलटीएस २२ हा जीएचसी ९.६ चा. एक ओळ लिहिली की कंपायलर आणि सगळी व्हर्जन ठरतात, निवडीची गणना करावीच लागत नाही. वर्गात अनेकांना एकदम शिकवायचं असेल तर मी स्टॅकच सुचवेन. संचाबाहेरचं पॅकेज लागायला लागलं की ते हाताने जोडत बसावं लागतं, तेव्हा कॅबल सोयीचं. एका प्रकल्पात दोन्ही ठेवू नका. कालांतराने त्यातलं एकच अपडेट होत राहतं.

तयार फाइल सोपवणं

‘कॅबल लिस्ट-बिन’ आणि पुढे एक्झिक्युटेबलचं नाव दिलं की तयार फाइलचा पत्ता मिळतो. पेन ड्राइव्हवर न्यायची असेल तर ‘कॅबल इन्स्टॉल --इन्स्टॉलडिर=बाहेर --इन्स्टॉल-मेथड=कॉपी’ असं म्हणा. लिनक्सवर ‘कॉपी’ सांगितलं नाही तर तिथे नुसता दुवा ठेवला जातो.

हॅस्केलच्या लायब्रऱ्या या फाइलमध्येच भरलेल्या असतात, त्यामुळे समोरच्या मशीनवर जीएचसी लागत नाही. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आणि जीएमपी मात्र त्या मशीनवरचीच वापरली जातात. नव्या उबुंटूवर बनवलेली फाइल जुन्या उबुंटूवर ‘जीलिबसीचं अमुक व्हर्जन सापडलं नाही’ म्हणून थांबते, उलट दिशेने सहसा चालते. म्हणून वापरणाऱ्यांतलं सगळ्यात जुनं लिनक्स ज्यावर आहे, त्या मशीनवर शेवटचं बिल्ड करा. विंडोजची फाइल विंडोजवरच बनवा, आणि सोपवण्याआधी मागच्या हंगामाच्या सीएसव्हीवर चालवून एका प्लॉटचे दिवस बागायतदाराच्या वहीशी ताडून पाहा.